नवी गाडी किती नवी?

दसऱ्याच्या सकाळी शहरातल्या कोणत्याही मोठ्या वाहनविक्रेत्याच्या दालनात दिसणारे दृश्य ठरलेले असते. झेंडूच्या माळा घातलेल्या पंधरा-वीस गाड्या रांगेत उभ्या असतात. प्रत्येकीच्या बोनेटवर स्वस्तिक काढलेले असते, पुढच्या चाकाखाली लिंबू असते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि किल्लीची भलीमोठी प्रतिकृती हातात धरून अवघे कुटुंब छायाचित्रासाठी उभे राहते. गाडी आपल्यासाठीच बनली आणि थेट आपल्याकडेच आली, अशी त्या कुटुंबाची भावना असते. प्रत्यक्षात ती गाडी कारखान्याबाहेर पडून कित्येक आठवडे, काही वेळा कित्येक महिने उलटलेले असतात. या काळात तिने ऊन, पाऊस, धूळ सोसलेली असते आणि डझनभर अनोळखी माणसांनी ती चालवलेली, चढवलेली, उतरवलेली, बांधलेली व सोडलेली असते. या प्रवासात तिचे नेमके काय झाले, हे तिची पूर्ण किंमत मोजणाऱ्यालाच सहसा ठाऊक नसते.

उत्पादन-रेषेवरून उतरलेली मोटार कारखान्याच्या चाचणीमार्गावर थोडी फिरते आणि तिच्यावर तपासणीचा शिक्का बसतो. मग ती वाहनतळावर जाते. तेथून ती दुमजली ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीत चढते, शहराबाहेरच्या गोदामात उतरते, तेथून विक्रेत्याच्या आवारात आणि अखेर दालनात येते. प्रत्येक टप्प्यावर तिला सुरू करून शंभर-दोनशे मीटर नेणारा माणूस वेगळा. इंजिन तापण्याच्या आतच ते बंद होते. सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज खर्च होते तेवढी परत भरण्याइतके इंजिन चालतच नाही. अशी दहा-बारा चढउतार झाल्यावर किलोमीटर-दर्शकावर आकडा भरतो दोन-चार किलोमीटरचा. बॅटरी मात्र पार थकलेली असते. म्हणूनच आकडा लहान दिसला की गाडी कोरी, हा ग्राहकाचा आवडता निकष फारसा विश्वासार्ह नाही. चाचणीमार्गावर नीट चालवलेली व पंचवीस-तीस किलोमीटर दाखवणारी गाडी उन्हात पाच महिने निश्चल उभ्या राहिलेल्या 'शून्य' किलोमीटरच्या गाडीपेक्षा पुष्कळ चांगल्या अवस्थेत असू शकते.

उभे राहणे ही यंत्राच्या दृष्टीने विश्रांती नव्हे. शिसे-आम्ल बॅटरी वापराविना हळूहळू उतरते आणि फार काळ उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. नंतर भारित केली तरी तिचे आयुष्य घटलेले असते. टायरचा एकच भाग महिनोन्महिने भार वाहत राहिला की तेथे सपाटपणा येतो. तो टाळण्यासाठी वाहतुकीच्या व साठवणुकीच्या काळात टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरून ठेवण्याची पद्धत आहे. ही हवा उतरवण्याचे विक्रेत्याकडचा कामगार विसरला, तर नव्या गाडीचा मालक पहिला महिनाभर 'सस्पेन्शन फार कडक आहे' अशी तक्रार करीत राहतो. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक उन्हात तापून रंगावरील पारदर्शक थरात खोल उतरतो. रेल्वेमार्गालगतच्या तळावर रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारे लोहकण रंगावर बसतात व पहिल्या पावसात तांबूस ठिपक्यांच्या रूपाने उगवतात. पावसाळ्यात गवत वाढलेल्या मोकळ्या मैदानात उभ्या गाडीच्या तारा उंदरांना प्रिय असतात, हे तर कोणताही मेकॅनिक सांगेल. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची काळजी निराळी. त्यांची मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी अशा दोन्ही अवस्थांत दीर्घकाळ ठेवणे तिला मानवत नाही. साधारण निम्म्या भारावर ती ठेवावी लागते, म्हणजेच कोणीतरी नियमाने तिच्याकडे पाहावे लागते.

वाहन-कंपन्यांना हे सारे उत्तम ठाऊक आहे. साठवणुकीतील गाडीची बॅटरी किती दिवसांनी तपासायची, चाके केव्हा फिरवायची, कोणता फ्यूज काढून ठेवायचा, याच्या सूचना त्यांनी लिहून दिलेल्या असतात. ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी करावयाच्या तपासणीची, म्हणजे बोलीभाषेतल्या 'पीडीआय'ची, यादी लांबलचक असते. कागदावर कोणतीही उणीव नाही. दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडव्याच्या एका दिवशी शंभर गाड्या मुहूर्तावर सोडायच्या असतात आणि त्या तपासायला चार माणसे असतात, तेव्हा यादीवरील बरोबरच्या खुणा गाडीजवळ न जाताही होऊ शकतात, आणि अडचण तिथेच आहे. मुहूर्ताचा आग्रह ग्राहकाचाच असतो, हेही या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित घटक आहे तो चालक. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांतून निघालेले मोटारवाहू ट्रेलर पुणे-नाशिक किंवा पुणे-नगर रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असलेले अनेकांनी पाहिले असतील. गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याचा माणूस बिल्टीवर सही करतो. त्या वेळी दिसलेला ओरखडा वाहतूकदाराच्या खात्यावर पडतो आणि तेथून तो अनेकदा चालकाच्या पगारापर्यंत उतरतो. साहजिकच रात्री उशिरा, अपुऱ्या उजेडात गाड्या उतरवून मोकळे होण्याकडे चालकाचा कल असतो. ओरखडा दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात दिसला, तर तो कोणाचा, याचा वाद सुरू होतो. या वादाचा सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे विक्रेत्याच्याच कार्यशाळेत तो भाग रंगवून घेणे. वाद मिटतो, विमा-दावा करण्याचा व्याप वाचतो आणि गाडी दालनात येते.

मालमोटारी आणि बस यांची कथा तर याहून जुनी व खडतर आहे. त्यांचे सांगाडे वर्षानुवर्षे स्वतःच्याच चाकांवर देशभर गेले. मागे धड नाही, पुढे काच नाही, दार नाही आणि बसायला लाकडी खोके. डोक्याला मफलर गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा चढवून पुणे वा जमशेदपूरहून हजार-दीड हजार किलोमीटर उघड्यावर गाडी हाकणारे चेसिस-चालक हा भारतीय महामार्गावरचा परिचित देखावा होता. त्यांना मिळणाऱ्या खर्चातून डिझेल वाचले तर ती त्यांची कमाई, या व्यवस्थेमुळे नवे इंजिन कसे चालवले जाई याचा अंदाज करता येतो. मध्यम व जड मालवाहनांच्या चालक-केबिनमध्ये वातानुकूलन १ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाले. वाहन पहिल्या मालकाकडे पोहोचवणाऱ्या चालकाकडे धोरणकर्त्यांचे लक्ष मात्र त्याआधी क्वचितच गेले होते.

वाहतुकीची पद्धत बदलते आहे, हे खरे. मारुती-सुझुकीला रेल्वेने २०१३ मध्ये मोटारवाहू गाड्या चालवण्याचा परवाना दिला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील हंसलपूरच्या आणि जून २०२५ मध्ये मानेसरच्या कारखान्याच्या आवारातच रेल्वेमार्ग आला. नव्या दुमजली वाघिणींची एक गाडी तीनशेहून अधिक मोटारी नेते. आपल्याकडे चिंचवड स्थानकावरूनही मोटारी रेल्वेने जातात. बंद वाघिणीत गाडी दगड, धूळ आणि महामार्गावरील अपघात यांपासून सुरक्षित राहते. तरीही रेल्वेस्थानक ते विक्रेता हे शेवटचे अंतर ट्रेलरनेच कापावे लागते, आणि एक चढउतार वाढते ती वाढतेच.

वाहतुकीत इजा झालेल्या नव्या गाडीचे काय करायचे, या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे जगाने पाहिली आहेत. जुलै २००६ मध्ये जपानहून उत्तर अमेरिकेकडे निघालेले 'कुगर एस' हे जहाज अल्यूशन बेटांजवळ सुमारे साठ अंशांत कलंडले. त्यात माझदा कंपनीच्या ४,७०३ मोटारी होत्या. जहाज बुडाले नाही. ते ओढत आणले गेले. बहुसंख्य गाड्या पट्ट्यांनी बांधलेल्या जागीच होत्या आणि वरवर पाहता धडधाकट होत्या. तरीही इतके दिवस तिरक्या लटकलेल्या गाड्यांत पुढे काय बिघडेल याची खात्री देता येत नाही, असे म्हणून कंपनीने त्या सर्वच्या सर्व नष्ट करण्याचा निर्णय घेतला. पोर्टलंड येथे सुटे भागही बाजारात जाऊ नयेत याची दक्षता घेत, एअरबॅगसुद्धा फोडून, त्या गाड्यांचा भुगा करण्यात आला.

दुसरे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. अलाबामा राज्यातील एका डॉक्टरने १९९० मध्ये सुमारे ४० हजार ७५० डॉलर मोजून बीएमडब्ल्यू मोटार घेतली. नऊ महिन्यांनी ती अधिक चकचकीत करण्यासाठी त्याने एका कारागिराकडे नेली, तेव्हा ती पूर्वीच रंगवली गेल्याचे त्या कारागिराच्या ध्यानात आले. जर्मनीहून येताना आम्लवर्षेने तिचा रंग बिघडला असावा आणि अमेरिकेतील तयारी-केंद्रात तिचे छप्पर, बोनेट, डिकी आणि बाजूचे पत्रे पुन्हा रंगवले गेले होते. खर्च आला होता ६०१ डॉलर. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल, तर विक्रेत्याला काहीही न कळवता गाडी नवी म्हणून विकायची, असे कंपनीचे धोरण होते. १९८३ पासून अशा ९८३ गाड्या विकल्या गेल्याचे खटल्यात उघड झाले. ज्यूरीने भरपाई ४ हजार डॉलर ठरवली. दंडात्मक भरपाई मात्र तब्बल ४० लाख डॉलर. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २० लाखांवर आणली आणि २० मे १९९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीही अवास्तव ठरवून रद्द केली. पुढे ती ५० हजार डॉलरवर आली. हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांत दंडाच्या मर्यादेसाठी गाजला. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्यूरीचा निर्णय येताच काही दिवसांतच कंपनीने, दुरुस्ती कितीही किरकोळ असो, ती कळवायची, असे नवे धोरण देशभर लागू केले. ते आधी का करता येत नव्हते, याला उत्तर नाही.

भारतात असा तीन टक्क्यांचा किंवा अन्य कोणता उंबरठा लिखित स्वरूपात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुनी, वापरलेली, दुरुस्त वा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. व्याख्या पुरेशी व्यापक आहे. तथापि वाहतुकीत चेपलेला व रंगवलेला दरवाजा असलेली, पण कधीच न वापरलेली गाडी या व्याख्येत कोठे बसते, हे प्रत्येक ग्राहकाने प्रत्येक वेळी आयोगासमोर जाऊन ठरवून घ्यायचे. जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न सुटलेला नाही. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ मध्ये मोटारीची पूर्ण किंमत भरली. आपल्याला मिळाली ती २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी, असा त्याचा दावा होता. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत विक्रेता आणि टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पादक कंपनीला त्यातून मुक्त केले. कंपनी व विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे आणि विक्रेत्याने काय केले हे कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही, हा त्यामागील तर्क होता. कायद्याच्या चौकटीत तो बिनचूक असेल. दालनाच्या दर्शनी भागावर मात्र विक्रेत्याहून कितीतरी मोठ्या अक्षरांत नाव असते ते कंपनीचे, आणि ग्राहक पैसे देतो ते त्या नावावर विसंबून.

गाड्या इतके दिवस उभ्या का राहतात, याचे कारण या 'स्वतंत्र व्यापाऱ्यां'च्या नात्यातच आहे. कंपन्या दरमहा जे विक्रीचे आकडे जाहीर करतात, ते पुष्कळदा विक्रेत्यांकडे रवाना केलेल्या गाड्यांचे असतात. गाडी ट्रेलरवर चढली की कंपनीच्या लेखी ती विकली गेली. बँकेचे व्याज त्या दिवसापासून विक्रेत्याच्या डोक्यावर. मागणी मंदावली तरी कारखाना थांबवणे महाग पडते. म्हणून साठा पुढे ढकलला जातो. वाहनविक्रेत्यांच्या 'फाडा' या महासंघाने २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर मोटारींचा साठा ८० ते ८५ दिवसांचा झाल्याचे व त्याची किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये असल्याचे सांगितले. हाच महासंघ २१ दिवसांच्या साठ्याचा आग्रह धरत आला आहे. ८० दिवस ही सरासरी. म्हणजे काही गाड्या त्याच्या दुप्पट काळही उभ्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. २०२५ मध्ये वेगळ्याच कारणाने आवारे भरली. वस्तू व सेवा करात कपातीची घोषणा १५ ऑगस्टला झाली आणि ती २२ सप्टेंबरपासून अमलात आली. लहान मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार हे कळल्यावर मधले पाच आठवडे कोण खरेदी करणार? ग्राहक थांबले. गाड्याही थांबल्या, भर पावसाळ्यात, मिळेल त्या मैदानावर.

शासनाचा किंवा न्यायालयाचा एखादा निर्णय कोऱ्या गाडीला एका रात्रीत जुनी करू शकतो, याचा अनुभव त्याआधीच आला होता. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून 'भारत स्टेज-३' वाहनांची विक्री व नोंदणी बंद केली, तेव्हा देशात अशी सुमारे सव्वाआठ लाख वाहने शिल्लक होती. त्यांतील बहुतेक दुचाकी. पुढच्या दोन दिवसांत दुचाकींच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या गर्दीत पूर्वतपासणी कोणी केली असेल, हा प्रश्नच गैरलागू होता. २०२० मध्ये 'स्टेज-४' ची मुदत टाळेबंदीत सापडली. न्यायालयाने २७ मार्चला दिलेली मर्यादित सवलत ८ जुलैला मागे घेतली. मुदतीपूर्वी काही विक्रेत्यांनी शिल्लक गाड्या स्वतःच्याच नावावर नोंदवून ठेवल्या व नंतर त्या 'वापरलेल्या' म्हणून विकल्या. एक किलोमीटरही न चाललेली जुनी गाडी हा प्रकार चीनमध्ये तर धंद्याच्या पातळीवर गेला. मे २०२५ मध्ये ग्रेट वॉल मोटर्सचे अध्यक्ष वेई जियानजुन यांनी अशा 'शून्य किलोमीटर जुन्या' गाड्या विकणारे किमान तीन ते चार हजार व्यापारी असल्याचे जाहीरपणे सांगितले. विक्रीचे आकडे फुगवण्याची तीच धडपड. फक्त प्रमाण चिनी.

ग्राहकाने गाडी आधी पाहून घ्यावी, असा सल्ला सर्वच देतात. तो योग्यही आहे. १७ अक्षरांच्या वाहन-ओळख क्रमांकातून निर्मितीचा काळ कळतो. टायरवर व काचांवर त्यांच्या निर्मितीच्या खुणा असतात. एखादी काच इतरांहून नंतरची निघाली, तर ती का बदलली हे विचारता येते. दोन पत्र्यांमधील फटी सारख्या नसणे, रबरी पट्टीच्या कडेला रंगाचे शिंतोडे असणे, बोनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असणे, या गोष्टी दिवसाच्या उजेडात साध्या डोळ्यांनी दिसतात. तथापि हे सारे केव्हा पाहायचे? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज विक्रेता करतो आणि नोंदणी क्रमांक लावल्याखेरीज वाहन मालकाच्या ताब्यात देता येत नाही. अतिसुरक्षित नंबरपाटीही एप्रिल २०१९ पासून विक्रेत्याकडेच बसते. हेतू चांगला होता. विनाक्रमांकाच्या गाड्या रस्त्यावरून हटल्या आणि आरटीओतील खेटे वाचले. त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला, की ग्राहकाला आपली गाडी पहिल्यांदा दिसते तेव्हा ती बहुधा कागदोपत्री त्याच्या नावावर झालेली असते. कर भरलेला असतो, विमा उतरलेला असतो, कर्जाचा पहिला हप्ता ठरलेला असतो. दरवाजावर रंगाची वेगळी छटा दिसली, तरी 'ही नको, दुसरी द्या' म्हणण्याची वेळ टळलेली असते. फार तर पॉलिश करून देण्याचे आणि पाय-गालिचे फुकट देण्याचे आश्वासन पदरात पडते.

जो जागरूक ग्राहक नोंदणीपूर्वी गाडी पाहण्याचा आग्रह धरतो, त्याला काही विक्रेते आनंदाने गोदामात नेतात. काही ठिकाणी मात्र 'गोदामात बाहेरच्यांना प्रवेश नाही' असे उत्तर मिळते, किंवा ओळख क्रमांक पैसे भरल्यावरच कळेल असे सांगितले जाते. पंधरा लाखांची वस्तू घेणारा 'बाहेरचा' ठरतो, ही या व्यवहारातील मोठी गंमत आहे. मंडईत कलिंगड घेणाऱ्यालाही ते थापटून पाहू देतात.

गाडीबरोबर ग्राहकाला जे कागद मिळतात, त्यांत रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २२, आणि विक्रीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, हे दोन महत्त्वाचे. नमुना २१ मध्ये निर्मितीचा महिना व वर्ष लिहावे लागते, आणि तेवढ्यापुरती जुनी गाडी नवी म्हणून खपवणे अवघड झाले आहे. पूर्वतपासणीची भरलेली यादी मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याच्या फायलीतच राहते. गाडी कारखान्यातून कोणत्या तारखेला निघाली, किती दिवस कोठे उभी होती, बॅटरी किती वेळा भारित केली, वाहतुकीत कोणता भाग दुखावला व तो कोणी दुरुस्त केला, ही माहिती कंपनीच्या आणि विक्रेत्याच्या संगणकांत बहुतांशी उपलब्ध असते. नमुना २१ वर तिच्यासाठी रकाना नाही.